मंत्राने विष उतरते का?

रानात कुणाला साप चावतो. घरची माणसे त्याला मांत्रिकाकडे नेतात. मांत्रिक मंत्र म्हणतो, कडुलिंबाचा पाला फिरवतो. माणूस वाचतो. लोक म्हणतात, "मंत्राला गुण हाय!"

आम्ही म्हणतो, जरा थांबा. विचार करू या. आपल्याकडचे पुष्कळ साप बिनविषारी असतात. धामण, दिवड चावली तर माणूस मरत नाही. विषारी सापसुद्धा दर वेळी अंगात विष सोडतोच असे नाही. अशी माणसे मंत्राविनाही वाचलीच असती.

मग विश्वास का बसतो? वाचलेला गावभर सांगतो. मेलेला सांगायला येत नाही. त्याच्याबद्दल आपण म्हणतो, "त्याचं आयुष्यच सरलं होतं." वाचला तर गुण मंत्राचा, मेला तर दोष नशिबाचा! आपल्या मनाची ही खोडच आहे. पटते तेवढे ते ध्यानात ठेवते, बाकीचे विसरते.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय. वेळ गेली तर माणूस जातो. म्हणून साप कोणता, हे शोधत बसू नये. माणसाला धीर द्यावा, चालवू नये, तडक सरकारी दवाखान्यात न्यावे.

आणि एक लक्षात ठेवू या. वाचले किती तेवढेच मोजू नये. गेले किती, तेही मोजावे.