ईदचा बोकड दीड वर्ष आधी ठरतो

शेवगाव तालुक्यात आमच्या मोहल्ल्यांतली आणि वाड्या-वस्त्यांवरची बरीच मुलं आता शेतीच्या जोडीला दहा-वीस शेळ्या पाळतात. जायकवाडीच्या फुगवट्याकाठी ज्याची जमीन, त्याचा ऊस. बाकीच्यांची तूर-कपाशी पावसाच्या भरवशावर. अशा घराला उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी परवडते. पहिली काळी, काटक आणि पुष्कळदा जुळी करडं देणारी. दुसरी आपल्याच जिल्ह्यातली, दुधालाही बरी.

तरीही हाती फारसं का उरत नाही? आम्हाला दिसतं ते असं: ईदुल अजहाला दोन महिने उरले की मुलं उसनवारी करून तयार बोकड घेतात, भरडा चारतात आणि घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात नेऊन उभे करतात. तोवर खरेदीचा भावही चढलेला असतो. कमाई होते ती ज्याच्या गोठ्यात करडू जन्मलं त्याची.

त्यासाठी हिशेब उलटा मांडावा लागतो. कुर्बानीचा बोकड चांद्रवर्षाने एक वर्षाचा हवा, म्हणजे तो मागच्या ईदच्या आधी जन्मलेला हवा. शेळी पाच महिने गाभण राहते. म्हणजे शेळी फळवायची ती जवळजवळ दीड वर्ष आधी! त्यातून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. 2024 साली ती 17 जूनला होती, 2025 साली 7 जूनला. आता ती मे महिन्यात शिरते आहे आणि पुढे एप्रिलकडे सरकणार. बोकडाला खुराक द्यायचे दिवस आणि चाराटंचाईचे दिवस एकत्र येणार, हे आमच्या भागाला परवडणारं नाही. म्हणून ज्वारीचा कडबा, तुरीचं भुसकट सुगीतच साठवावं. विहिरीला पाणी असेल तर दोन गुंठे घास करावा. उन्हाळ्यात विकतच्या चाऱ्यावर पोसलेला बोकड नफा स्वतःच खाऊन टाकतो.

दातांचाही घोळ असतो. शरीयतची अट वयाची आहे. दोन दात ही त्याची खूण. वर्ष उलटूनही काहींना दात उशिरा येतात आणि बाजारात अनोळखी गिऱ्हाईक तोंड उघडून पाहतं, नि पुढे जातं. म्हणून करडू जन्मलं की वहीत तारीख लिहावी, आणि जमलं तर मागच्या ईदच्या दोन-तीन महिने आधीच वीत घ्यावी. पीपीआर नि आंत्रविषाराची लस, जंताचं औषध, सगळं त्याच वहीत. शहरातलं एखादं कुटुंब ती वही पाहून पुढच्या वर्षीही तुमच्याच घरी येतं, मग दलाल कशाला?

मीठ चारून, पाणी पाजून वजन फुगवणारे बाजारात आहेत. लंगडेपणा, अधू डोळा लपवणारेही आहेत. इथे तर गिऱ्हाइकाचे पैसेच नाही, कुर्बानीही जाते. ऐब असेल तर आधी सांगावा. तो बोकड एरवीच्या कटाईला योग्य भावात जातोच.

घोडेगावला जुम्याच्या आत व्यवहार उरकायचा तर टेम्पो पहाटेच भरावा लागतो. आणि सगळे बोकड शेवटच्या शुक्रवारसाठी राखू नयेत. ईदच्या आदल्या संध्याकाळी उरलेला माल मागेल त्या भावाला द्यावा लागतो. निम्मे दोन आठवडे आधी गेलेले बरे.