उथळ तलावातला फिश फाइंडर

फिश फाइंडरचा पडदा म्हणजे होडीखालच्या पाण्याचं चित्र, असं धरून चाललं की घोटाळा होतो. पडद्याच्या उजव्या कडेला तेवढा आत्ताचा प्रतिध्वनी असतो. डावीकडे सरकलेलं सगळं होऊन गेलेलं. होडी चालती असेल तर यंत्र खाली सोडतं त्या ध्वनीच्या शंकूत मासा कडेने शिरतो, त्याचं अंतर घटतं, मग पुन्हा वाढतं, म्हणून कमान उमटते. होडी उभी असेल आणि खाली एकच रोहू रेंगाळला, तर लांबलचक पट्टा दिसतो. ही लांबी माशाची नव्हे, त्याच्या मुक्कामाची. आकाराचा अंदाज घ्यायचाच तर खुणेची जाडी आणि रंगाचा गडदपणा बघावा, तोही बेताने.

किन्हीराजाकडे, मालेगाव तालुक्यात, मासेमारी म्हणजे तलावाची. 3 मीटर पाण्यात 20 अंशांचा शंकू तळाशी जेमतेम 1 मीटर रुंद होतो. शिवाय तलावात बीज सोडतात ते कटला, रोहू आणि मृगळ यांचं. कटला वरच्या थरात चरतो आणि होडीची चाहूल लागताच बाजूला होतो. मृगळ तळाशी चरतो, त्याचा प्रतिध्वनी तळाच्या रेघेतच मिसळून जातो. उरला मधल्या थरातला रोहू. तेव्हा पडदा कोरा दिसला म्हणून तलाव रिकामा ठरवणं चूकच.

कोणी म्हणेल, कोकणातल्या बोटी याच यंत्रावर तारली-बांगड्याचे थवे धरतात, मग इथेच काय अडलं? अडतं खोलीपाशी. तोच शंकू 30 मीटरवर 10 मीटरहून रुंद होतो, आणि तिथे शोध असतो अख्ख्या थव्याचा, सुट्या माशाचा नव्हे.

मग यंत्र इथे फुकट का? मुळीच नाही. तळ ते चोख सांगतं. मुरूम किंवा खडक असेल तर रेघ ठळक येते, आणि बहुधा दुप्पट खोलीवर तिची पुसट जोडरेघही. मऊ गाळावर रंग फिका पडतो, जोडरेघ सहसा नसते. बुडालेली बाभळीची खोडं तळातून उभी उठलेली दिसतात. जाळं कुठे अडकेल, जुन्या नाल्याचा खोलगट भाग कुठे आहे, उन्हाळ्यात पाणी आणि मासे कुठे गोळा होतील, हे यावरून कळतं. पडद्यावर माशांची तयार चित्रं दाखवण्याची सोय मात्र आधी बंद करा. बुडबुडे आणि तरंगता पालासुद्धा ती मासा म्हणून दाखवते.