जुन्या घरगुती एकदिशकारकाची पुनर्बांधणी

मृगाचा पाऊस पडून गेला, जमिनीस वाफसा आला, आणि ऐन त्या सकाळीं ट्रॅक्टरची बॅटरी उतरलेली निघाली, हा प्रसंग वाचकांपैकीं अनेकांवर आला असेल. तालुक्याच्या गांवीं बॅटरी भरावयास टाकली म्हणजे एक दिवस जातो, आणि वाफसा कांहीं कोणाची वाट पाहत नाहीं. याकरितां पुष्कळ शेतकरी बॅटरी भरण्याचें यंत्र घरींच ठेवितात. आमच्या घरचें असें यंत्र आमच्या कै. चुलत्यांनीं १९७२ च्या दुष्काळाच्या सालीं स्वहस्तें केलें होतें. तें गेल्या वर्षीं बंद पडलें. तें आम्हीं पुन्हा कसें उभें केलें व त्यांत आमच्या हातून कोणती चूक झाली, हें येथें सांगतों.

प्रथम या यंत्राचें काम काय तें पाहूं. आपल्या घरीं येणारी वीज २३० व्होल्टची व प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदास ५० वेळां मागें-पुढें होणारी असते. बॅटरीस मात्र एकाच दिशेनें वाहणारा, म्हणजे एकदिश प्रवाह लागतो. म्हणून यंत्राचे मुख्य भाग दोन. रोहित्र विजेचा दाब उतरवितें, आणि एकदिशकारक प्रवाहास एक दिशा देतो. या दुसऱ्या भागाची कल्पना शेतकऱ्यास सहज येईल. विहिरींतील पंपाचा फूट व्हॉल्व्ह पाणी वर जाऊं देतो, परत खालीं येऊं देत नाहीं. डायोड विजेच्या बाबतींत तेंच करितो. असे चार डायोड चौकोनांत जोडले म्हणजे प्रवाह मागें जावो कीं पुढें, बाहेर तो एकाच वाटेनें पडतो. ही युक्ति १८९६ च्या सुमारास युरोपांत निघाली. मुंबईची विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं सुरू झाली, तीही १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावरच.

आतां आमच्या यंत्राकडे वळूं. वीज तोडून पेटी उघडली तेव्हां रोहित्र शाबूत दिसलें. वेटोळीं काळीं पडलीं नव्हतीं, आणि मोजून पाहतां बाहेर १७ व्होल्ट मिळत होते. दोष एकदिशकारकांत होता. त्या काळीं त्याकरितां सेलेनियम चढविलेल्या धातूच्या तबकड्या वापरीत. त्या वयानें निकामी होत जातात, आणि जळाल्या म्हणजे सडक्या मुळ्यासारखा उग्र वास येतो. तो धूर विषारी आहे. म्हणून अशा तबकड्या उघड्या हवेंत काढाव्या, त्यांवर घासकाम करूं नये व काम संपतांच हात धुवावे.

त्यांच्या जागीं आम्हीं सिलिकॉनच्या चार डायोडांचा तयार ठोकळा घेतला. आम्हांस २० अँपियर पुरे होते, तरी ठोकळा ५० अँपियरचा घेतला; कारण वर छापलेला आंकडा ठोकळा थंड राहील तरच खरा. त्यांतून जातांना विजेचे सुमारें २ व्होल्ट खर्च होतात. २० अँपियरला ही ४० वॉट उष्णता झाली. ती निघून जाण्यासाठीं पंखे असलेला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा हवा. ठोकळा त्यावर उष्णतावाहक लेप लावून घट्ट आवळला. आंत येणाऱ्या विजेस ३ अँपियरचा व बाहेर जाणाऱ्या प्रवाहास २५ अँपियरचा फ्यूज घातला, आणि लोखंडी पेटी भुईतारेस जोडली.

येथवर सर्व ठीक झालें. पुढें चूक झाली. आम्हीं शेजाऱ्यांची ८८ अँपियर-तासांची बॅटरी लाविली व जेवावयास गेलों. परत येऊन पाहतों तों आंतील पाणी खदखदत होतें आणि बॅटरी हातास कढत लागत होती. कारण उघड होतें. जुन्या तबकड्या विजेचा बराच दाब स्वतः खात व प्रवाहास आवर घालीत. सिलिकॉन तितका अडथळा करीत नाहीं. त्यामुळें त्याच १७ व्होल्टांवर प्रवाह बेसुमार वाढला. बॅटरी वांचली नाहीं. ती आम्हीं शेजाऱ्यांस नवी घेऊन दिली.

नंतर झाकणाच्या आंतील बाजूस चिकटविलेला चुलत्यांच्या हातचा कागद वाचला. रोहित्रास १३, १५ व १७ व्होल्टचे तीन फाटे ठेविले असून तबकड्या बदलल्यास खालच्या फाट्यावरून सुरुवात करावी, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. सारी नोकरी फेरफाराच्या नोंदी वाचण्यांत घालविलेल्या माणसानें आपल्याच घरचा दस्त वाचूं नये, याचें आम्हांस फार वाईट वाटलें. १५ च्या फाट्यावर जोडतां प्रवाह ९ अँपियरवर स्थिरावला. बॅटरीच्या अँपियर-तासांचा दहावा भाग हेंच योग्य प्रमाण होय.

असें यंत्र वापरणारांनीं पुढील गोष्टी पाळाव्या. बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें पेटतो. म्हणून काम मोकळ्या हवेंत करावें, जवळ विडी ओढूं नये. आधीं चिमटे लावावे, मग वीज चालू करावी. काढतांना आधीं वीज बंद करावी. तांबडा चिमटा धन टोंकासच लावावा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर दाब १४.४ व्होल्ट झाला कीं भरणें थांबवावें. पाणी कमी असल्यास ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. हल्लींच्या लिथियम बॅटरीस हें यंत्र मुळींच लावूं नये, आग लागण्याचें भय आहे. आणि यंत्रापासून दूर जाऊं नये.

आम्हीं केलेला बदल तारखेसह त्याच कागदाखालीं लिहून ठेविला आहे. पुढें जो कोणी ती पेटी उघडील, त्यानें तो आधीं वाचावा एवढीच इच्छा.