मीठ-साखरेच्या पाण्याची गोष्ट

माझ्याकडून तुम्ही कवितेवरच्या बोलण्याची अपेक्षा करत असाल, पण आज मी पाण्यावर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन, आणि विज्ञान दहावीलाच सुटलं. तरी हा विषय मी गेली काही वर्षं मिळेल तिथून वाचत आलो आहे. त्याला कारण आहे.

मी सहा-सात वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. साल १९७६, उन्हाळा. आमच्या तालुक्याच्या गावात घरोघरी पोरांना हगवण लागली होती. माझी धाकटी बहीण दीड वर्षाची. सकाळी जुलाब सुरू झाले, दुपारी डोळे खोल गेले. तिला तहान लागली होती. माठाकडे हात करून ती रडायची, मग रडणंही थांबलं. आणि नानी अम्मीला बजावत होती, "पानी नक्को देव उसे, जुलाब बढेंगे." नानी दुष्ट नव्हती. मोहरमला आमच्या दारात सबीलचा माठ भरून ठेवणारी, वाटसरूला हाक मारून सरबत पाजणारी ती बाई होती. पण जुलाब झालेल्या मुलाला पाणी द्यायचं नाही, हा शहाणपणा तिला तिच्या आईकडून मिळाला होता. शेजारच्या हिंदू घरांतही तोच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे बहीण गेली.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

जुलाबात माणूस मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. हे कळायला १८३१ साल उजाडावं लागलं. इंग्लंडमध्ये पटकीची साथ आली होती. विल्यम ओशॉनसी नावाच्या, नुकत्याच एडिंबरोहून डॉक्टर झालेल्या तरुणाने पटकीच्या रोग्यांचं रक्त तपासलं आणि सांगितलं की यातलं पाणी आणि मीठ कमी झालं आहे, ते परत भरा. पुढच्याच वर्षी लिथच्या थॉमस लट्टा या डॉक्टरने मिठाचं पाणी थेट शिरेतून दिलं आणि मरणाच्या दारातले काही रोगी उठून बसले. म्हणजे आपली आजची सलाईन. पण तेव्हा सुया-नळ्या स्वच्छ ठेवायचं ज्ञान नव्हतं, लट्टाही लवकर वारला, आणि ही युक्ती कित्येक दशकं मागे पडली. ओशॉनसी मात्र पुढे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळंही त्यानेच उभारलं. एकेका माणसाचं आयुष्य कुठून कुठे जातं पाहा.

विसाव्या शतकात सलाईन सुधारली आणि पटकीचे रोगी वाचू लागले. पण कुठले? ज्यांच्या जवळ दवाखाना, बाटल्या, सुई टोचता येणारा माणूस आहे ते. खेड्यातल्या माणसाने काय करायचं? तोंडाने पाणी पाजावं तर ते आतड्यातून तसंच खाली जातं असा अनुभव होता.

याचं कोडं उलगडलं ते दोन टोकांनी. एक टोक कलकत्त्याचं. डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात पटकीच्या जंतूंचा, पण जंतू गाळून काढलेला, द्रव सोडला. तरीही आतडं पाण्याने टम्म फुगलं. म्हणजे जंतू स्वतः आतडं खात नाही, तो एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतडं शरीरातलं पाणी बाहेर फेकतं. त्यांचा हा निबंध १९५९ साली 'नेचर'मध्ये आला. कॉखने कलकत्त्यातच पटकीचा जंतू दाखवून तेव्हा पंचाहत्तर वर्षं झाली होती. डे यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तरी कधी भेटलं नाही.

दुसरं टोक प्रागचं. तिथे १९६० साली रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने मांडलं की आतड्याच्या भिंतीतून साखर एकटी आत जात नाही, ती मिठातल्या सोडियमबरोबर जोडीने जाते. जत्रेच्या फाटकासारखं समजा. एकट्याला प्रवेश नाही, एकमेकांचा हात धरून आलात तर फाटक उघडतं. आणि मीठ-साखर आत गेली की त्यांच्या मागोमाग पाणीही जातं. खरी मौज पुढे आहे. पटकीचं विष पाणी बाहेर फेकणारे नळ उघडे टाकतं, पण हे साखर-मिठाचं फाटक मात्र ते मोडत नाही. नुसतं पाणी पाजलं तर फारसं आत जात नाही, नुसतं मीठही नाही. दोन्ही घालून द्या, जातं. जुलाब त्याने लगेच थांबत नाहीत, पण जाणाऱ्या पाण्याइतकं पाणी आत येत राहतं आणि माणूस जगतो.

कागदावर हे सोपं दिसतं. हेमेंद्रनाथ चटर्जी या कलकत्त्याच्या डॉक्टरांनी १९५३ सालीच १८६ रुग्णांना तोंडाने मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन बरं केल्याचं 'लॅन्सेट'मध्ये छापलं होतं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, मोजमाप अपुरं होतं, म्हणून विद्वानांनी फार मनावर घेतलं नाही. या विद्वानांना नावं ठेवायचा मला मोह होतो. पण १९६२ साली मनिलामध्ये असाच एक प्रयोग झाला आणि त्यात पाच रुग्ण दगावले, हे वाचल्यावर मी गप्प बसलो. पाण्यात काय आणि किती, कुणाला किती द्यायचं, हे न ठरवता पाजलेलं पाणीही मारू शकतं.

ते ठरवलं ढाक्यात आणि कलकत्त्यात. ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश हे विशी-तिशीतले दोन अमेरिकन डॉक्टर स्थानिक सहकाऱ्यांबरोबर काम करत होते. कॉलऱ्याच्या रुग्णासाठी तिथे खास खाट असे. कापडाला मध्ये भोक, खाली मोजपट्टी असलेली बादली. किती गेलं ते बादली सांगणार, तेवढंच तोंडाने भरायचं. एवढा साधा हिशेब, पण तो रात्रंदिवस जागून करावा लागला. १९६८ साली त्यांनी दाखवून दिलं की अशा रुग्णांना लागणाऱ्या सलाईनमध्ये सुमारे ऐंशी टक्के बचत होते. कलकत्त्यात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं एक संशोधन केंद्र होतं. तिथेही नॅथॅनिएल पीअर्स आणि त्यांचे सहकारी याच सुमारास याच उत्तराला पोचले. त्याच केंद्रात एक बंगाली बालरोगतज्ज्ञ होते, डॉ. दिलीप महालनबीस.

तरीही सगळ्यांचं म्हणणं होतं की हे इस्पितळात, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावं. मग १९७१ साल आलं.

पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं जीव घेऊन भारतात आली. सीमेवरच्या बनगावात पावसाळ्याच्या तोंडाशी छावण्यांत पटकी पसरली. महालनबीस जूनअखेर तिथे पोचले तेव्हा छोट्या इस्पितळाच्या खोल्यांत माणसं जमिनीवर, आपल्याच घाणीत पडलेली होती. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्यांनी ठरवलं, तोंडाने पाजायचं. परवानगीची वाट पाहिली असती तर रुग्ण उरले नसते.

कलकत्त्याच्या केंद्रातल्या लायब्ररीच्या खोलीत कारखाना सुरू झाला. एकजण ग्लुकोज तोलायचा, दुसरा मीठ, तिसरा खायचा सोडा. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. प्लास्टिकच्या पिशवीत भरून गरम इस्त्रीने तोंड बंद करायचं, चिठ्ठी डकवायची. खर्च लिटरमागे सुमारे अकरा पैसे. बनगावात ते पाणी पिंपांत कालवलं जाई आणि पाजत कोण? रुग्णाची आई, भाऊ, नवरा. हातात पेला घेऊन शेजारी बसलेलं जे कुणी असेल ते. दोन-तीन आठवड्यांतच दिसू लागलं की हे लागू पडतंय. आठ आठवड्यांत साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण तिथे आले. आधी छावण्यांत शंभरातले तीस जात होते, तिथे आता चारसुद्धा गेले नाहीत. नेमका आकडा ३.६ टक्के. याची कृती बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही सांगितली गेली. आकाशवाणीच्या या खोलीत बसून हे सांगताना मला जरा बरं वाटतं, हे कबूल करतो.

ती छावणी पाहून गेलेले जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी हा उपाय जगभर लावून धरला. १९७८ साली 'लॅन्सेट'ने त्याला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायका १९८० पासून दहा वर्षं दारोदार फिरल्या, एक कोटीहून अधिक घरांत गेल्या. पाकीट नाही, चमचा नाही. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. लोबोन-गुर. लवण आणि गूळ, आपलेच की शब्द! माझ्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्याला हे फार आवडतं की विद्यापीठातलं शास्त्र शेवटी चिमूट आणि मूठ या मापांत मावलं. पण या बायकांचा पगार भावनेवर नव्हता बरं का. महिन्याने दुसराच कुणी काही घरांत जाऊन आईला विचारायचा, करून दाखव म्हणायचा. तिला जितकं नीट आठवेल तितका शिकवणारीचा मोबदला.

जगात १९८० च्या सुमारास पाच वर्षांखालची पंचेचाळीस लाखांच्या आसपास मुलं दरसाल जुलाबांनी मरत. आज हा आकडा साडेचार लाखांच्या घरात आहे. त्यात स्वच्छ पाणी, लसी, बरं खाणंपिणं यांचाही वाटा आहे, पण या पाण्याचा मोठा.

आता आपल्याकडे पाहू. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या शंभर मुलांतल्या साठांनाच ओआरएस मिळालं होतं. उरलेल्या चाळिसांना का नाही? पाकीट महाग नाही, दुर्मीळ नाही. कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टरांवर झालेला एक अभ्यास २०२४ साली 'सायन्स'मध्ये आला. माणसं बापाची भूमिका घेऊन गेली, घरी दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होताहेत म्हणाली. काहींनी आधी वापरलेल्या ओआरएसच्या पाकिटाचा फोटो दाखवला, काहींनी अँटिबायोटिकचा, काहींनी काहीच नाही. निष्कर्ष असा की डॉक्टर ओआरएस लिहीत नाहीत याचं सर्वांत मोठं कारण नफा नाही, तुटवडाही नाही. पेशंटला ते नको असतं असं त्यांना वाटतं. आणि ज्याने ओआरएसचा फोटो दाखवला त्याला ते कितीतरी अधिक वेळा मिळालं. आपल्या आळीत पाहा. आजारी माणसाला भेटायला गेलेला पहिला प्रश्न विचारतो, "सलाईन लावली का?" बाटली टांगली म्हणजे उपचार झाला. चमच्याने पाणी पाजणं म्हणजे काय उपचार आहे का!

काही गोष्टी मात्र नीट सांगितल्या पाहिजेत. हल्लीच्या पाकिटाची कृती २००२ साली सुधारली, त्यात मीठ आणि साखर दोन्ही कमी केली. पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकाच वेळी घालायचं, थोडं थोडं नाही. पाकीट नसेल तर लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर जास्त पडली तर फायदा नाही, उलट पाणी आतड्यात ओढलं जाऊन जुलाब वाढतात. म्हणूनच फळांच्या स्वादाची गोड पेयं ओआरएस म्हणून विकणं घातक होतं. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ बाई त्यासाठी वर्षानुवर्षं झगडल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली. मुलाला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याने सुरू करायचं. अंगावरचं दूध, खाणं बंद करायचं नाही. जोडीला डॉक्टरांच्या सांगण्याने जस्ताच्या गोळ्या, दहा ते चौदा दिवस. आणि मूल पेंगुळलं, पाणी पिईना, शौचात रक्त दिसलं तर घरी बसू नका. तिथे सलाईनही लागू शकते.

महालनबीस २०२२ साली ऑक्टोबरमध्ये गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. बहुतेक वर्तमानपत्रांनी तेव्हाच त्यांचं नाव पहिल्यांदा छापलं असावं.

माझी बहीण गेली तेव्हा बनगावला पाच वर्षं होऊन गेली होती. आमच्या गावात मीठ होतं, साखर होती, विहिरीला पाणी होतं. अम्मीला हे पाणी करायला शिकवलं ते पुढे दहा-एक वर्षांनी, आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी. तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्यांदा करून दाखवा एवढंच म्हणाली.

ती आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. नातवंड-पतवंडांपैकी कुणाचं पोट बिघडलं की सून डॉक्टरला फोन लावेपर्यंत हिचं पातेलं तयार असतं. चिमटीने मीठ घालत नाही, चमचाच घेते, कारण प्रत्येकाची चिमूट वेगळी, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. आधी स्वतः चाखते. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर फेकायचं, हेही त्यांनीच सांगितलेलं. मग मुलाला मांडीवर घेऊन चमचा चमचा पाजत बसते, मध्येच कुणी बोलायला आलं तर हाताने थांब म्हणते. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी परसात ओतून टाकते आणि पातेलं घासायला घेते.