खुराड्याचा वतनदार

पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट ही वाट धरून पौडास येणाऱ्या आणि येथे चार-दोन गुंठे जमीन घेऊन टुमदार घर बांधणाऱ्या शहरवासीयांस पहिल्या पावसाळ्यात झाडांचा, दुसऱ्या पावसाळ्यात भाजीपाल्याचा आणि तिसऱ्या पावसाळ्याच्या सुमारास कोंबड्यांचा छंद लागतो, असे माझे गेल्या कित्येक वर्षांचे निरीक्षण आहे. चार तलंगा विकत आणल्या जातात, सुताराकडून जाळीचे खुराडे करून घेतले जाते, आणि मग एखाद्या रविवारी सकाळी फाटकाशी उभे राहून तो नवा गृहस्थ संकोचाने विचारतो, "काका, कोंबडा नसला तर अंडी मिळतील का हो?"

मिळतील, अगदी बिनदिक्कत मिळतील. अंडाशयातील बलक पक्व होऊन सुटणे, त्यावर पांढऱ्याचे थर चढणे आणि अखेरीस चुन्याचे कवच बसणे हा सुमारे पंचवीस तासांचा व्यवहार कोंबडीच्या शरीरात आपल्या क्रमाने चालतो. त्यास पुरेसा उजेड लागतो, पोटभर आहार लागतो, परंतु कोंबड्याची मंजुरी लागत नाही. बाजारात ढिगाने मिळणारे पांढरे अंडे ज्या कोंबडीचे असते, तिला बहुधा जन्मात कोंबड्याचे दर्शन घडलेले नसते. १९४२ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर जे छोटेखानी पुस्तक लिहिले, त्यात हाच मुद्दा आला आहे. कोंबड्याच्या संगतीवाचून घातलेल्या अंड्यातून पिलू निपजणे नाही, तेव्हा ज्यास दूध वर्ज्य नाही त्यास असे निर्जीव अंडे वर्ज्य असण्याचे कारण नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. निव्वळ खाण्याच्या दृष्टीने पाहिले तर कोंबडा नसणेच अधिक सोयीचे म्हणावे लागेल. कारण चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात फळलेल्या अंड्यातील गर्भ थोडासा वाढून खुंटतो आणि अंडे लवकर बिघडते, तर न फळलेले अंडे त्यामानाने पुष्कळ टिकते.

मग वर्षभर तांदळाची कणी खाणारा, पहाटे झोपमोड करणारा आणि स्वतः एकही अंडे न देणारा हा इसम तैनातीस ठेवावयाचा कशासाठी? माझे मत असे की, ज्यांच्या कोंबड्या दिवसभर जाळीत कोंडलेल्या असतात आणि ज्यांना पिले काढावयाची नाहीत, त्यांनी तो मुळीच ठेवू नये. पण पौडच्या बाजूस भाताच्या बांधावरून, उकिरड्यावरून आणि करवंदीच्या जाळ्यांतून ज्यांची पाखरे मोकळी हिंडतात, त्यांच्या आवारात कोंबडा आपले वतन राबून खातो.

हे राबणे पाहावयाचे असेल तर सकाळी खुराडे उघडल्यावर तासभर अंगणात नुसते बसावे. कोंबड्याला किडा किंवा दाणा सापडला की तो स्वतः गिळीत नाही. चोचीने उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो, मान खालीवर करीत एक तुटक लघुस्वर काढतो, आणि कोंबड्या धावत येऊन तो घास पळवितात. चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिग्रंथात, वेळेवर उठणे, झुंजणे, आप्तांस वाटा देणे आणि स्वपराक्रमाने मिळवून खाणे हे चार गुण माणसाने कोंबड्याकडून शिकावेत असे म्हटले आहे. त्यातील तिसरा गुण ग्रंथकाराने कोणाच्या तरी परसात डोळ्यांनी पाहूनच लिहिला असला पाहिजे. अर्थात हा वाटा सर्वस्वी निष्काम नसतो, आणि एखादा लबाड कोंबडा काहीही सापडलेले नसताना दाण्याची हाक घालून दूरच्या कोंबडीस जवळ बोलावतो, हेही निरीक्षकांनी नोंदविलेले आहे. बिचाऱ्या चाणक्याने ही पाचवी विद्या बहुधा जाणूनबुजून गाळली.

दुसरे काम पहाऱ्याचे. कोंबड्या माना खाली घालून माती उकरीत असताना कोंबडा मधूनमधून एक डोळा आकाशाकडे वळवून स्तब्ध उभा राहतो. घार किंवा शिक्रा दिसला तर तो एक लांब, बारीक, दबका सूर काढतो आणि सगळा कळप क्षणार्धात झुडपाखाली अदृश्य होतो. कुत्रे वा मुंगूस दिसले तर तोच कोंबडा मान उंच करून कर्कश, तुटक ओरडा सुरू करतो, आणि त्या वेळी कोंबड्या लपत नाहीत, माना उंचावून सावध होतात. एकाच पक्ष्याच्या तोंडी आकाशातील शत्रूसाठी एक शब्द आणि जमिनीवरील शत्रूसाठी दुसरा, ही गोष्ट पीटर मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरीस बारकाईने तपासली. त्यांना असेही आढळले की, जवळ कोंबडी असली तर कोंबडा घारीची सूचना हटकून देतो आणि एकटा असला तर पुष्कळदा गप्प राहतो. म्हणजे त्याची ती आरोळी केवळ भीतीपोटी निघत नाही, ऐकणारे कोणी आहे की नाही हे पाहून निघते.

तथापि या पहाऱ्यास मर्यादा आहेत आणि त्या मी नुकसान सोसून शिकलो आहे. एका भाद्रपदात मुंगसाने भर दुपारी तलंगेवर झडप घातली, तेव्हा आमचा कोंबडा मानेची पिसे फुलवून मध्ये पडला. शेपटीची अर्धी पिसे त्याने गमावली, पण तलंग वाचली. त्याच कोंबड्याच्या देखत पुढे महिन्याभरात उदमांजराने एका रात्रीत तीन कोंबड्या मारल्या, कारण खुराड्याची कडी लावण्याचे माझ्याकडून राहून गेले होते आणि अंधारात कोंबडा कोंबडीइतकाच आंधळा व असहाय असतो. दिवसाचा बंदोबस्त त्याच्याकडे आणि रात्रीचा मालकाकडे, अशी ही वाटणी आहे. बारीक जाळी, पक्की कडी आणि खाली उकरता येणार नाही अशी दगडी बैठक यांचा भार कोंबड्यावर टाकता येत नाही.

आता त्याच्या आरवण्याविषयी, कारण फिर्याद बहुधा याच कलमाखाली येते. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत यांची मात्रा सांगताना सर्व स्वरांतून नेमका 'उ' निवडला, तो कोंबड्याच्या चढत्या बांगेवरून, असे वैयाकरणांची परंपरा सांगते. इतका शास्त्रशुद्ध उच्चार पहाटे चार वाजता कानावर पडला तरी सर्वांस तो गोड वाटतोच असे नाही. कोंबडा उजेड पाहून आरवतो ही समजूत अपुरी आहे. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखविले की, सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही दिवसाच्या ठराविक वेळीच आरवतात, म्हणजे हे घड्याळ त्यांच्या शरीरातच असते; आणि त्याच संशोधकांना २०१५ साली असे आढळले की, एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत पहिली बांग देण्याचा मान श्रेष्ठाचा असून बाकीचे आपापल्या दर्जाच्या क्रमाने त्याच्यामागून आरवतात. तेव्हा खुराड्यावर काळे कापड घालून पहाट लांबविण्याची तजवीज करणाऱ्यांनी फार आशा बाळगू नये. कोंबडे झाकल्याने काय होते आणि काय होत नाही, हे आपल्या म्हणीने आधीच सांगून ठेवले आहे.

फ्रान्समध्ये ओलेरों बेटावर मॉरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध सुट्टीत येऊन राहणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला होता. सप्टेंबर २०१९मध्ये न्यायालयाने निकाल मॉरिसच्या बाजूने दिला आणि वादींनाच नुकसानभरपाई देण्यास सांगितले; पुढे जानेवारी २०२१मध्ये तेथे ग्रामीण भागातील आवाज आणि वास यांना वारसा म्हणून मान्यता देणारा कायदाच झाला. मुळशीत अद्याप असा खटला उभा राहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण शनिवार-रविवार येणाऱ्या बंगलेवाल्यांच्या कपाळावरील आठ्या मी पाहिल्या आहेत, आणि मला त्यांचाही पक्ष समजतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या वसाहतीत कोंबडा पाळणे हा शेजारधर्म नव्हे. तेथे चार कोंबड्या ठेवाव्या, अंडी खावी आणि शेजाऱ्यांसही द्यावी.

कोंबडा ठेवावयाचाच तर एक ठेवावा. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक, हे प्रमाण लहान कळपास पुरते. तीन कोंबड्यांत एक ठेवला की त्यांच्या पाठीवरील पिसे झडून कातडी उघडी पडते, क्वचित त्याच्या पायामागील टोकदार नखीने जखमाही होतात. आणि दहा कोंबड्यांत दोन ठेवले की आवारात दुहेरी अंमल सुरू होतो. थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने बालपणापासून कोंबड्यांच्या टोचण्याच्या नोंदी ठेवल्या आणि कळपात कोण कोणास टोचू शकतो याची पक्की उतरंड असते, हा शोध १९२१-२२च्या सुमारास प्रसिद्ध केला. एकत्र वाढलेले दोन कोंबडे त्या उतरंडीने काही काळ नांदतातही, परंतु जागा तोकडी असेल तर धाकट्याचे हाल पाहवत नाहीत.

निवड करताना येथील जुनी माणसे पायांकडे प्रथम पाहतात, आणि पिवळ्या, जाड पायांचा कोंबडा पसंत करतात. या पिवळ्या रंगाची कथा आमच्या मुलखाशी निगडित आहे. पाळीव कोंबडीचा पूर्वज एकटा तांबडा रानकोंबडा, असे डार्विनचे मत होते. ते मुख्यतः खरेही आहे. परंतु त्या तांबड्या रानकोंबड्याचे पाय पिवळे नसतात, आणि २००८ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, पिवळ्या कातडीचा गुण पाळीव कोंबड्यांत बहुधा राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. हा राखी रानकोंबडा पश्चिम व दक्षिण भारताचा रहिवासी. ताम्हिणीच्या रानात त्याची तुटक बांग आजही ऐकू येते. मनुस्मृतीने द्विजांस ग्रामकुक्कुट वर्ज्य सांगताना त्यास 'ग्राम' हे विशेषण मुद्दाम लावले, तेव्हा गावचा आणि रानचा यांतील भेद स्मृतिकारास ठाऊक होता. दोघांमध्ये सोयरीकही झालेली आहे, हे मात्र त्यास ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पिले काढावयाची असतील तर कोंबडा आणल्यानंतर धीर धरावा. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन आठवडे, कधी तीन आठवडेही टिकून राहते. म्हणून जुना कोंबडा काढून नवा आणला, तर पहिल्या तीन आठवड्यांतील अंड्यांचे पितृत्व संशयास्पदच समजावे. देशी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. वर्षाकाठी साठ-ऐंशी अंडी हीच तिची मजल, आणि पोल्ट्रीतील तीनशे अंड्यांच्या कोंबडीपुढे हा हिशेब दरिद्री दिसतो खरा, पण ती पोल्ट्रीतील कोंबडी अंड्यांवर बसण्याचे बहुतांशी विसरलेली असते. आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावी, सातव्या रात्री एकेक अंडे बॅटरीच्या झोतापुढे धरून आत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते की नाही ते पाहावे, न फळलेली काढून टाकावी, आणि एकविसाव्या दिवसाची वाट पाहावी. मुळशीसारख्या धो धो पावसाच्या मुलखात हे काम दिवाळी ते संक्रांत या काळात उरकावे हे उत्तम. आषाढात निघालेली पिले ओल, रक्ती हगवण आणि सर्दी यांतून क्वचितच पार पडतात. मानमोडीचे भय तर बारमास. कुमाऊंतील राणीखेतचे नाव ज्यास पडले तो हा रोग एका आठवड्यात खुराडे रिकामे करतो, आणि त्यावर लस हाच एक इलाज आहे. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा अधिक पक्ष्यांची मात्रा असते, ती फोडल्यावर टिकत नाही. म्हणून आळीतील पाच-सात घरांनी एकाच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातून ती आणून सर्वांची पाखरे टोचून घ्यावी.

निघालेल्या पिलांत निम्मे नर असतात, ही गोष्ट शहरातून आलेल्यांस सांगताना मला नेहमी अवघड वाटते, कारण त्यानंतरचा प्रश्न अटळ असतो. गावात त्याचे उत्तर रूढीने ठरलेले आहे: काही आखाडात खपतात, काही वाघजाईला आणि शेताच्या राखणीला दिले जातात, एखादा उलट्या पिसांचा निघाला तर देवऋषी स्वतः विचारीत येतो. ज्यांना हे मानवत नाही त्यांनी अंडी बसवूच नयेत. सहा नर पोसण्याचा आणि त्यांची भांडणे मिटविण्याचा संकल्प तीन महिन्यांपलीकडे टिकलेला मी पाहिलेला नाही. एक गोष्ट मात्र कोणी करू नये. चलाख नर दिसला की त्यास झुंजीसाठी मागणारे लोक येतात, चांगला भाव देतात; १९६०च्या प्राणी-क्लेश प्रतिबंधक कायद्याने अशी झुंज लावणे आणि त्यासाठी जागा देणे हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि कायदा नसता तरी ती विक्री मी केली नसती.

अखेरची बाब कोंबडा बदलण्याची. स्वतःच्याच लेकींवर आणि नातींवर एकच कोंबडा वर्षानुवर्षे राहिला की अंडी फळण्याचे प्रमाण घटते, पिले मरतुकडी निघतात. आमच्या शेजारच्या आजी याचे निदान "रगत जुनं झालं" अशा तीन शब्दांत करतात आणि दर दोन वर्षांनी आपला कोंबडा माहेरच्या खोऱ्यात धाडून तिकडचा आणवितात. आमच्या कोंबड्याचे हे तिसरे वर्ष चालू आहे. शेपूट पुन्हा पूर्ण आले आहे, पहारा चोख आहे, स्वभावाने तो माणसांवर धावत नाही. येत्या संक्रांतीपूर्वी त्याच्या बदल्यात मुठा किंवा मोसे खोऱ्यातील, दीड वर्षाच्या आतला, पिवळ्या पायांचा देशी कोंबडा देण्यास कोणी वाचक राजी असेल, तर त्याने पौडच्या बाजारात अंडी विकणाऱ्या बायकांपैकी कोणाकडेही निरोप ठेवावा. मला तो पोचतो.