उपग्रहाला चकवणारा घाटावरचा पाऊस

रोज सकाळी साडेआठला देशभरातल्या हवामान केंद्रांवर एकच काम चाललेलं असतं. पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायचं, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. हा पाऊस आदल्या सकाळी साडेआठपासूनचा. नरसाळ्याचं तोंड अवघं २०० चौरस सेंटिमीटरचं. त्याची कड मुद्दाम धारदार ठेवतात, कारण कडेवर पडलेला थेंब आतला की बाहेरचा, याचा निकाल तिथल्या तिथे लागला पाहिजे.

पद्धत जुनीच आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कोठाराजवळ हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे आणि प्रदेशवार आकडेही दिले आहेत: अश्मकात साडेतेरा द्रोण (हे जुनं माप), अवंतीत तेवीस. अपरांताच्या, म्हणजे आपल्या कोकणाच्या वाट्याला मात्र आकडा नाही. तिथला पाऊस अमाप म्हणून सोडून दिला आहे. मोजणाऱ्याने हात टेकले असावेत. पुढे सांगायचं आहे ते पाहता तो एकटाच नव्हता.

भांड्याची अडचण एकच. ते जिथे ठेवलं आहे तिथलाच पाऊस सांगतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात पाऊणशे मिलिमीटरसुद्धा नाही. मधल्या मुंबईत कुठे किती पडला, हे या दोन भांड्यांवरून कसं सांगणार? जगभरातल्या पर्जन्यमापकांची तोंडं शेजारी शेजारी मांडली तर एक फुटबॉलचं मैदानही भरत नाही. त्यात उष्ण कटिबंधाचा बहुतेक भाग समुद्राचा, तिथे भांडं ठेवणार कुठे?

आणि पावसाचा खरा कारखाना तर तिथेच, समुद्रावर आहे. समुद्राच्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता शोषून घेते आणि ढगात पुन्हा पाणी होताना ती सोडून देते. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. एवढं पाणी वाफेतून बनताना बाहेर पडणारी उष्णता विजेच्या हिशेबात सुमारे सात लाख युनिट भरते. मोसमी वारे या उष्णतेवर पोसले जातात. म्हणून पाऊस, वाफ आणि उष्णता यांचा ताळेबंद एकत्र मांडावा लागतो.

त्यासाठी भारताची इस्रो आणि फ्रान्सची क्नेस या संस्थांनी मिळून ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा उपग्रह बनवला. १२ ऑक्टोबर २०११ला पीएसएलव्हीने तो श्रीहरिकोट्याहून सोडला. त्याची खुबी कक्षेत होती. ध्रुवावरून फिरणारे उपग्रह एका जागेवर दिवसातून दोनदा येतात. तेवढ्यात पावसाचा ढग जन्माला येऊन, बरसून, संपूनही जातो. मेघा-ट्रॉपिक्स विषुववृत्ताशी जेमतेम २० अंशांचा कोन करून फिरायचा, म्हणजे साधारण नाशिकच्या अक्षांशापर्यंत यायचा आणि पुन्हा दक्षिणेकडे वळायचा. त्यामुळे त्याच्या पट्ट्यातल्या गावांवर त्याची दिवसातून अनेकदा नजर पडायची.

पण वरून पाऊस ‘दिसतो’ म्हणजे काय? अवरक्त किरणांत पाहणाऱ्या उपग्रहाला फक्त ढगाचा माथा दिसतो. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि ढग उंच तर पाऊस जास्त, असा अंदाज बांधतात. मायक्रोवेव्ह लहरी ढगाच्या पोटात शिरतात. समुद्र या लहरींत थंड, काळसर दिसतो, त्यावर पावसाचे थेंब उठून दिसतात. जमीन मात्र स्वतःच उजळ असल्याने थेंब तिच्यात हरवून जातात. मग जमिनीवर ढगातल्या हिमकणांवरून पाऊस ताडावा लागतो.

मराठवाड्यातला वळीव या हिशेबात चपखल बसतो: उंच ढग, भरपूर हिमकण, गडगडाट. सह्याद्रीचं गणित वेगळं. अरबी समुद्रावरून आलेले दमट वारे डोंगराला धडकून वर चढतात आणि ढग गोठणपातळीच्या, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरच्या, फार वर जाण्याआधीच थेंब एकमेकांत मिसळून कोसळू लागतात. ढग बुटका, माथा उबदार, हिमकण नावाला. वरून पाहणाऱ्याला वाटतं, किरकोळ भुरभुर असेल; खाली आंबोलीत धो धो पडत असतो. शिवाय अंतर थोडं, फरक प्रचंड: महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास, पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आणि वाईत हजाराच्याही आत. उपग्रहाच्या चित्रातल्या एका ठिपक्यात यातलं बरंच काही एकत्र कालवलं जातं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१२मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली ती उगीच नाही. तिथे थेंबांचे आकारसुद्धा मोजले जातात.

मेघा-ट्रॉपिक्सचं नशीब थोडं रुसलंच. पाऊस पाहणारं ‘मद्रास’ हे त्याचं मुख्य उपकरण २०१३मध्ये बंद पडलं. हवेतली आर्द्रता वेगवेगळ्या उंचीवर मोजणारं ‘सफीर’ मात्र पुढे अनेक वर्षं इमानेइतबारे राबलं आणि जगभरच्या हवामान-प्रारूपांना माहिती पुरवत राहिलं. ७ मार्च २०२३ला इस्रोने उपग्रह ठरवून प्रशांत महासागरावर खाली आणला. आज अवकाशातून पाऊस मोजण्याची मुख्य भिस्त २०१४पासून फिरणाऱ्या अमेरिकी-जपानी ‘जीपीएम’ उपग्रहावर आहे. त्याच्यावर रडार आहे, तरी घाटांत तोही कमीच मोजतो.

म्हणजे आकाशातल्या आकड्याला दुरुस्त करायला शेवटी जमिनीवरचं भांडंच लागतं. आपल्याकडे तर त्यावर पैशांचाही हिशेब चालतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि पीक नुकसानीच्या भरपाईत हा आकडा निर्णायक ठरतो. ६४ आणि ६५मधला फरक झाडाची एक फांदीही पाडू शकते. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक असायला हवा. तुमच्या मंडळातला कुठे बसवला आहे, एकदा जाऊन पाहा. आडोशाला असेल, नरसाळ्यात पाला अडकला असेल, तर मृग लागायच्या आत तालुका कृषी कार्यालयाला लेखी कळवा.