कुत्र्यांसह स्कॉटलंडच्या रस्त्यांवर

स्कॉटलंडमध्ये 2003च्या जमीन सुधारणा कायद्याने डोंगर, माळरान, किनारे सर्वांना खुले केले. कुत्राही सोबत येऊ शकतो, मात्र तो ताब्यात हवा. खरी काळजी मेंढ्यांची. वसंतात कोकरे जन्मतात, तेव्हा त्या कुरणांत कुत्र्याला नेऊच नये. कुत्रा नुसता मागे लागला तरी गाभण मेंढीचा गर्भ पडू शकतो, म्हणून 2021च्या कायद्याने दंडाची कमाल मर्यादा 40,000 पौंडांवर नेली. मला ही कडक शिक्षा रास्त वाटते. एप्रिल ते जुलै जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी पट्टा आखूड ठेवा. गुरे अंगावर आली तर मात्र पट्टा लगेच सोडा: रोख बहुधा कुत्र्यावर असतो आणि तो पळून सुटतो.

गाडीत कुत्र्याला हार्नेस किंवा पिंजरा हवाच. इन्व्हर्नेसहून निघून तिथेच परतणारा ‘नॉर्थ कोस्ट 500’ हा मार्ग सुमारे 830 किलोमीटरचा. त्यावरील अनेक रस्ते एकपदरी. वाट देण्यासाठी ठेवलेल्या रुंद जागा पार्किंगसाठी नाहीत. गाडी थांबवून नेच्यांच्या रानातून फिरून आल्यावर कुत्र्याचे कान, बगला आणि बोटांच्या बेचक्या तपासून गोचिड्या काढा. त्यांच्यापासून माणसालाही लाइम रोग होतो.